आठपट आत्या

मला किळस येते. राग येऊन गेला, वाईट वाटून झालं, आता उरलीय ती नुसती किळस. भाजी निवडताना बोटाला काहीतरी मऊ, गार लागावं आणि हात झटकावासा वाटावा, तशी. आणि ती मला परक्यांची येत नाही, माझ्याच भावकीची येते.

मी शैलजा घोरपडे. इस्लामपुरात माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. हल्ली गाड्या बऱ्याचशा आपल्या आपण चालतात, त्यामुळं मी लोकांना गाडी चालवायला शिकवत नाही. गाडीनं हात टेकले की स्टेअरिंग कसं पकडायचं तेवढं शिकवते. लोक घाबरून किंचाळतात, मी त्यांच्यावर ओरडते, धंदा बरा चाललाय. तेव्हा माझं बोलणं जरा चढ्या आवाजातलं वाटलं तर ती सवय समजा.

त्या रविवारी मी मांजरेवाडीला हौसाआत्याकडं पोचले तर गाडी लावायला जागा नाही. आत्याचं घर गावाच्या टोकाला, तिच्याच बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीला लागून. तिथं एरवी एखादं कुत्रं झोपलेलं असतं. आज गाड्यांची ही लांब रांग. पुण्याच्या, कोल्हापूरच्या, एक तर मुंबईची. म्हणलं, गेली. आत्या गेली आणि मला कुणी कळवलं नाही. चपला न काढता आत धावले.

आत्या खाटेवर बसून शेंगा फोडत होती.

"आलीस? बरं झालं. चहा टाक ह्यास्नी. दूध फ्रिजात हाय."

ह्यास्नी म्हणजे आमच्या भावकीला. माझा चुलतभाऊ रणजित, त्याची बायको सुजाता, त्यांची मुलगी, आणि आणखी सातआठ जण. वर्षानुवर्षं ज्यांनी या घराचा उंबरा बघितला नव्हता ते सगळे खुर्च्या मांडून गोल बसलेले. प्रत्येकाच्या हातात फोन. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. कोपऱ्यात केळ्यांचा ढीग. आजाऱ्याला भेटायला जाताना नेतात तसली, प्रत्येकानं आणलेली डझन-डझन केळी. मागच्या आठवड्यातली काळी पडून पाणी सोडत होती आणि त्यावर चिलटं बसली होती.

"काय रे, आज सगळे एकदम?" मी रणजितला विचारलं.

"एकदम काय त्यात? आपली आत्या आहे. बघावंसं वाटलं."

"केळी कशाला एवढी?"

"रिकाम्या हातानं कसं यायचं, आक्का?"

मी चहा केला. त्यांनी घेतला. आणि मग, मी कप गोळा करत असताना, सगळ्यांचे फोन थोड्या थोड्या अंतरानं वाजले. ज्याचा वाजला तो उठला. "चला आत्या, काळजी घ्या." एका हातानं पाय धरले, दुसऱ्या हातात फोन तसाच. पाच मिनिटांत घर मोकळं. रणजितचा चहा अर्धा राहिला होता, तोही तसाच सोडून तो उठला.

अंगणात सुजातानं मला गाठलं. चेहरा असा, की आता ती मला साडीच्या सेलची बातमी देणार.

"वन्सं, तुम्हांला किती दाखवतंय? आम्हांला आजपासून आठपट दाखवतंय. मागच्या बुधवारी आलो तेव्हा सहाच होतं."

"काय आठपट?"

"आत्या की ओ!" ती म्हणाली. "तुम्ही ॲप बघत नाही का?"

वाटसरू कार्ड आमच्या भावकीत कुणाकडं नाही असं घर नाही. माझ्याकडंही आहे, उगाच सोवळेपणा कशाला दाखवू. पंपावर, चार्जिंगला, टोलला, हॉटेलात, अगदी औषधाच्या दुकानातसुद्धा ते घासायचं आणि पॉइंट मिळवायचे. पॉइंटवर पेट्रोल मिळतं, टोल माफ होतो, फारच साठले तर विमानाचं तिकीट. रणजित गेल्या वर्षी पॉइंटांवर सहकुटुंब बँकॉकला जाऊन आला आणि परत आल्यावर हत्तीवर बसलेला फोटो त्यानं भावकीच्या ग्रुपवर इतक्या वेळा टाकला की तो हत्तीसुद्धा आता नातेवाईक वाटतो.

मी ॲप उघडलं. 'आपुलकी बोनस. मांजरेवाडी. आठपट. पाऊण तास थांबणे आवश्यक.' मलाही येत होतं ते, दोनेक महिन्यांपासून. मला वाटलं होतं, ग्रामीण पर्यटनाची काहीतरी योजना असेल.

"पण मांजरेवाडीलाच का?" मी विचारलं.

सुजातानं घराकडं बघितलं, आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवून म्हणाली, "कारण म्हातारीचं काही खरं नाही."

---

केतकी माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी. पुण्यात त्याच कार्डाच्या कंपनीत नोकरीला आहे. मी तिला फोन करून सांगितलं, उद्या इथं ये, नाहीतर मी तिथं येते आणि तुझ्या साहेबांसमोर बोलते. ती आली. माझ्या ऑफिसात, सिग्नलच्या तक्त्याखाली, कानकोंडी होऊन बसली.

"मावशी, मी बिलिंगमध्ये आहे," हे तिचं पहिलं वाक्य.

"बरं. मग बिलिंगवाल्यांना जेवढं माहीत असतं तेवढं सांग."

तिनं सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. माणूस रोज कामावर जातो, तो जाणारच. त्याला पॉइंट दिले तरी जाणार, नाही दिले तरी जाणार. त्यात कंपनीला नवीन काही मिळत नाही. कंपनीला हवा असतो तो प्रवास जो माणूस करणार आहे, पण त्याला स्वतःलाच अजून माहीत नाही. लग्न आधी कळतं, सुट्टी आधी कळते, त्यांची तिकिटं माणूस चार ठिकाणी भाव बघून काढतो. मयत कळत नाही.

"आणि आपल्याकडं काय होतं?" केतकी म्हणाली. "माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. त्याला जावंच लागतं. पण जातात कसे? अख्खी भावकी एका वडापच्या जीपमध्ये कोंबून. ड्रायव्हरला रोख पैसे. कार्डावर एक रुपया नाही. कंपनीच्या लोकांना हे नकाशावर दिसलं. माणसं हललेली दिसतात, खर्च दिसत नाही. मग त्यांनी ठरवलं, की ही माणसं आधीच न्यायची."

"आधी म्हणजे?"

"म्हणजे... असताना. आपापल्या गाडीनं, एकेकट्यानं, आणि परत परत."

मी हातातला कप खाली ठेवला. चहा पिववेना.

"आणि तुम्हांला कळतं कसं कोण मरणार ते? डॉक्टर सांगतात?"

"छे! दवाखान्याचे कागद बघायला कायद्यानं बंदी आहे. बोनस ठरवणारं यंत्र ते बघतही नाही. ते फक्त माणसं कशी हलतात ते बघतं. एखाद्या घरी कोण किती वेळा जातंय, किती दिवसांनी परत जातंय, दारात गाडी चालू ठेवून किती वेळ थांबतंय, येताना काय खरेदी करतंय. त्यातून एक आकडा काढतं. निकड म्हणतात त्याला. आभाळात घारी फिरायला लागल्या की खाली काहीतरी पडलंय हे बघायला खाली जावं लागत नाही ना, तसं."

"हुशार आहात," मी म्हणलं. "किडे पडतील तुमच्या तोंडात."

"मावशी, मी बिलिंगमध्ये..."

"कळलं गं बाई. पण आत्याला झालंय काय? ती टणाटणा शेंगा फोडतीय."

केतकीनं लॅपटॉप उघडला. आमच्या घराचं कार्ड-वर्तुळ, म्हणजे भावकीची एकमेकांना जोडलेली सगळी कार्डं, तिला बघता येत होतं. ती बराच वेळ खाली-वर करत राहिली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण ते तिनं लगेच गिळलं.

"वैशाखात दवाखान्यातली खाट कुणी घेतली? पाठ वर-खाली होणारी?"

"मी. सांगलीत एक हॉस्पिटल बंद पडलं, तिथं लिलावात कार्डावर स्वस्तात मिळाली. आत्याला टीव्ही बघताना उशा रचाव्या लागायच्या म्हणून."

"आणि त्याच आठवड्यात तू चार वेळा मांजरेवाडीला गेलीस."

"खाटेचा एक पाय लंगडा होता. वेल्डरला घेऊन गेले, मग तो रॉड विसरला..."

"झालं," केतकी म्हणाली. "यंत्रानं त्याचा अर्थ लावला. दवाखान्याची खाट आली, भाची सारखी धावतीय, म्हणजे शेवट जवळ आला. त्यानं जवळच्या दोघाचौघांना दुप्पट बोनस दाखवला. ते दोघंचौघं आले. यंत्रानं बघितलं, बघा, आता बाकीचेही यायला लागले, म्हणजे आपलं खरंच होतं. त्यानं चौपट केलं. आणखी आले. ग्रामसभेत कुणी माइक भोंग्यासमोर धरला की कसं किंचाळतं? भोंग्यातला आवाज माइकमध्ये, माइकमधला परत भोंग्यात. कुणी बोललेलंच नसतं."

म्हणजे एका वेल्डरच्या विसरभोळेपणावर अख्खी भावकी मढं बघायला जमली होती. मी हसले. खरंच हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"बंद कसं करायचं हे?"

"सोपं आहे. तुझ्या ॲपमध्ये 'निकड नाही' म्हणून बटण आहे. खाट तू घेतलीस, तेव्हा तू दाबलंस तर ते मोजणी पहिल्यापासून करतं." तिनं आणखी एक पान उघडलं. "पण मावशी, आणखी एक आहे. आजीच्या गोळ्या तुझ्या पुरवणी कार्डावर येतात ना, दुकानातून घरपोच? दोन महिने झाले, आल्या नाहीत. पार्सल दोनदा परत गेलंय."

माझं हसू तिथंच थांबलं.

---

आत्याला हृदयाचा त्रास जुना आहे. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक, आणि अंगातलं पाणी उतरायची एक. ती घेत होती तोवर ठणठणीत होती. मी केतकीला एसटीत बसवलं आणि तशीच मांजरेवाडीला गेले.

आत्याच्या पायाला बोट दाबून बघितलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. दर रविवारी मी इथं येत होते, आणि मला तिचे पाय दिसले नव्हते, कारण साडी घोट्याच्या खाली ओढून ती मांडी घालून बसायची.

"गोळ्या कुठं आहेत?"

"संपल्या."

"पार्सल का परत पाठवलंस?"

"मला नकोत."

"का नकोत? मरायचंय का तुला?"

ती शांतपणे म्हणाली, "घेतल्या की आकडा पडतो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "कुठला आकडा?"

"आठपट. मागं एकदा मी पार्सल घ्यायचं इसरले, तर चारचं सहा झालं. सुजाता रणजितला म्हणाली, औषिदं थांबली की चढतंय, माझ्या माहेरच्या काकाचं असंच झालं. मी म्हणलं, हे बेस हाय."

"ती तुझ्यासमोर बोलली? मोठ्यानं?"

"हळूच बोलली. मी बहिरी हाय असं वाटतं त्यास्नी." आत्या हसली. "तीस वर्सं गिरणी चालवली मी, शैला. पट्टा सुरू झाल्यावर कानाचा काय उपेग? बायका काय म्हणत्यात, बारीक दळ का जाड दळ, ते ओठांवरच बघायचं. तुमची सगळ्यांची तोंडं मला लांबनं वाचता येत्यात. अंगणात काय बोलत्यात, गाडीत बसून काय बोलत्यात, समदं."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "म्हणजे तुला माहीत आहे! ती माणसं तुझं मरण खायला येतात इथं, आणि तू त्यांना चहा पाजतेस? केळी आणून टाकतात, फोन वाजला की उठतात, जनावराला चारा टाकून गेल्यासारखे. लाज कशी वाटत नाही तुला?"

"लाज त्यास्नी वाटंना, मला कशापायी वाटंल? यीत्यात गं. फोनात बघत्यात, पर बसत्यात. सुजाताची पोरगी मी पयल्यांदा बघितली, अकरावीला हाय म्हणं. माझ्यागत नाक हाय तिचं. मी एकटीनं मेले असते तर माझं मरण वायाच गेलं असतं न्हवं? आता निदान कुणाला बँकॉक तरी घडतंय."

"मी येत नाही का? दर रविवारी येते. पाऊस असो, ऊन असो."

"यीतीस," आत्या म्हणाली. "फ्रिज उघडतीस, बीपी बघतीस, मला वरडतीस आन् जातीस. तू तपासाय यीतीस, शैला. बसाय कवा आलीस?"

मी आणखी ओरडले. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आणि तिच्यासमोरच फोन काढून ते बटण दाबलं. यंत्रानं विचारलं, खात्री आहे? मी दोनदा दाबलं.

---

बुधवारपर्यंत आठाचं तीन झालं, शुक्रवारी एक. एकपट म्हणजे काही नाही. पंपावर जे सगळ्यांना मिळतं तेच.

रविवारी मी मुद्दाम लवकर गेले. गल्ली मोकळी. आत्यानं शेजारच्या बाईला बोलावून पुरणपोळ्या करून घेतल्या होत्या. परात भरून पोळ्या, वर फडकं. खुर्च्या गोल मांडलेल्या. ती दाराकडं तोंड करून बसली होती, इरकलीचं नवं लुगडं नेसून. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मी बाहेर येऊन रणजितला फोन लावला.

"अगं आक्का, आता एकच पट आहे," तो म्हणाला, जसं काही मी त्याला पाऊस का पडत नाही असं विचारलं होतं. "पेट्रोल काय झालंय बघतेस ना? आणि चांगलंच आहे की, आकडा पडला म्हणजे तब्येत सुधारली. देवाची कृपा. दिवाळीत बघू."

"तिनं पुरणपोळ्या केल्यात."

"अरे वा! तू खा की."

मी आत गेले. आत्यानं काही विचारलं नाही. खिडकीतून तिनं माझं तोंड बघितलं असणार. मी ताट वाढलं, तिनं सरकवलं. गोळ्या मी बरोबर आणल्या होत्या, त्या तिच्या हातावर ठेवल्या. तिनं त्या ताटाच्या कडेला, मिठाशेजारी मांडून ठेवल्या.

"आता तरी घे. आता कसला आकडा राहिलाय?"

"कुणासाठी घेऊ?" ती म्हणाली.

पुढच्या आठ-दहा दिवसांत ती खरोखरीच झपाट्यानं खाली गेली. रात्री आडवं झोपता येईना, तेव्हा त्या लिलावातल्या खाटेची पाठ वर करून बसायची. मी शिराळ्याहून डॉक्टरांना आणलं. त्यांनी पाठीला नळी लावून ऐकलं आणि मला बाहेर घेऊन आले.

"पाणी फुप्फुसापर्यंत गेलंय. गोळ्या आजपासून सुरू झाल्या तर म्हातारी उठून बसेल. नाहीतर महिना काढणार नाही."

"दवाखान्यात न्यायचं?"

"नेऊन काय करणार? तिथंही गिळायला नकोच म्हणाली तर? मनानं सोडलंय तिनं. तिच्या माणसांना बोलवा."

तिच्या माणसांना बोलवा! मी ॲप उघडून बघितलं. मांजरेवाडी, एकपट. इतके दिवस ती धडधाकट होती तेव्हा यंत्र तिला मारत होतं, आणि आता ती खरंच मरत होती तर त्याला पत्ता नव्हता. मी ग्रुपवर लिहिलं, आत्या सीरियस आहे, भेटून जा. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. एकानं विचारलं, 'पण ॲपवर तर नॉर्मल दाखवतंय?' त्याच्याखाली सुजातानं लिहिलं, 'वन्संना जरा काळजी जास्तच असते.'

मी फोन भिंतीवर फेकणार होते. फेकला नाही. आत्याच्या शेजारी जाऊन बसले. फ्रिज उघडला नाही, बीपी बघितलं नाही. बराच वेळ नुसती बसले. मग विचारलं, "ते आले तर घेशील गोळ्या?"

"यीतील?"

"मी आणते."

"तू आणतीस?" तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "तुला तर वकारी यीती न्हवं त्यांची?"

"येते. घेशील का नाही ते सांग."

"घीन," आत्या म्हणाली, आणि पहिली गोळी तिनं त्याच संध्याकाळी, माझ्या शब्दावर, उधारीत गिळली.

---

यंत्राला काय आवडतं ते मला केतकीनंच शिकवलं होतं. मी कार्डावर ऑक्सिजनचा सिलिंडर भाड्यानं आणला. मोठ्या माणसांच्या डायपरचे गठ्ठे आणले, गिरणीत रचून ठेवले. इस्लामपूर ते मांजरेवाडी एका दिवसात दोनदा हेलपाटे घातले, प्रत्येक वेळी वाटेत पंपावर कार्ड घासलं, आणि दारात गाडी चालू ठेवून आत बसून राहिले. शिकायला आलेली दोन माणसं मी त्यातच शिकवून काढली. त्यांना वाटलं, घाटरस्त्याचा सराव चाललाय. गोळ्या मात्र रोखीनं, शिराळ्यातून, माझ्या नावाची चिठ्ठी दाखवून. त्या कार्डाला दिसता कामा नयेत.

केतकीचा फोन आला. "मावशी, आजीचा आकडा परत चढतोय. ऑक्सिजन वगैरे दिसतंय. खरंच एवढी सीरियस आहे का ती?"

"तू बिलिंगमध्ये आहेस ना? बिलिंग बघ."

ती हळूच म्हणाली, "मावशी, हे कळलं तर तुझं कार्ड बंद होईल."

"तुमच्या यंत्रानं एका बाईला खोटं मारलं ते चालतं, आणि मी खोटं मारलं की कार्ड बंद?" मी म्हणलं आणि फोन ठेवला. पण खरं सांगते, त्या वाक्याचा तोरा मला मिनिटभरच पुरला. त्या पहिल्या आठवड्यातच माझ्या नावावर इतके पॉइंट जमले होते की ॲपनं मला अभिनंदन म्हणून ताऱ्यांचा पाऊस पाडून दाखवला. मी तो बघत बसले. थोडा वेळ का होईना, बघत बसले.

तिसऱ्या रविवारी गाड्या आल्या. दहापट लागलं होतं, आजवर आमच्या भावकीत कुणाला एवढं लागलं नव्हतं, आणि आत्याचे गेले दोन-तीन आठवडे गोळ्यांवर चांगले गेले होते. पायाची सूज उतरली होती, गालांवर रंग आला होता. मी तिच्या तोंडाला जरा राख लावावी का या विचारापर्यंत पोचले होते, एवढं मी सांगते म्हणजे माझं काय झालं होतं ते कळेल. राख लावली नाही. खिडकीचा पडदा ओढून खोलीत अंधार केला आणि ऑक्सिजनची नळी तिच्या नाकाशी अडकवली, सिलिंडर बंदच ठेवून.

माणसं वाकून वाकून आत शिरली. गल्लीत टेम्पोवाल्याला वळायला जागा नव्हती म्हणून त्याची आणि मुंबईवाल्यांची जुंपली होती. कोपऱ्यात पुन्हा केळी साठू लागली. रणजितनं मला हाताला धरून अंगणात नेलं, लिंबाच्या पलीकडं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "आक्का, खरं सांग. काय वाटतं तुला?"

एकच वाक्य होतं, आणि ते मलाच म्हणायचं होतं, माझ्याच आत्याबद्दल, जी आत सकाळी दोन भाकरी खाऊन बसली होती.

"काही खरं नाही रे," मी म्हणलं.

त्याचा चेहरा खुलला. मी बघितला, अगदी जवळून बघितला. मग त्याला आठवण झाली आणि त्यानं तो पाडला, च् च् केलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हणजे दिवाळीपर्यंत...?"

"ओढत ओढत जाईल दिवाळीपर्यंत. पण सांगता येत नाही. येत राहा."

"येणारच की! पुढच्या रविवारी सासूबाईंना पण आणतो, त्यांचं नवीन कार्ड निघालंय." त्यानं डोळे पुसल्यासारखं केलं, आणि कदाचित खरंच पुसले असतील, मला आता त्यातलं काही कळत नाही. "तू फार करतेस गं आत्याचं. आमच्यात एवढं कुणी करणार नाही. देव तुला देईल."

"कार्ड देतंय की," मी म्हणलं.

तो हसला. मीही हसले, आणि तोंडात आंबट आलं ते गिळून टाकलं.

आत गेले तर सगळे फोनात मान घालून बसलेले. सुजाताची मुलगी तेवढी खाटेच्या कडेला टेकून आत्याच्या हातावरचं गोंदण बघत होती. संध्याकाळच्या गोळीची वेळ झाली होती. मी अंथरूण सारखं करायच्या मिषानं वाकले आणि गोळी आत्याच्या मुठीत दिली. तिनं भिंतीकडं कूस वळवली, पदर तोंडाशी घेतला आणि माणसांकडं पाठ करून ती गिळली. मग परत वळून बारीक आवाजात कण्हली, "आई गं," आणि सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या पुढं ओढल्या.